सिझरनंतर हुडहुडी: पायाला शेक द्यावा का?

खानापूरकर:
वहिनीचं काल बेळगावात सिझर झालं. पाठीत नळी घालून एपिड्युरल भूल दिलेली. बाहेर आणलं तेव्हा दात कडाकडा वाजत होते, कॉट हलत होती. ताप नव्हता. सिस्टरनी सलाईनमधनं ट्रॅमाडॉल दिलं, ब्लँकेट घातलं, मग थांबलं. आत्ती म्हणाल्या, "वारं शिरलंय," आणि गरम पाण्याची पिशवी पायाला लावायला निघाल्या. सिस्टरनी अडवलं. आत्ती अजून फुगून बसल्यात. कुणाचं बरोबर? आणि त्या इंजेक्शननंतर बाळाला पाजलं तर चालतं?

भूलवाली बाई:
मी भूलतज्ज्ञ, निपाणी-चिकोडी पट्ट्यात काम करते. सिस्टरचंच बरोबर. भूल उतरेपर्यंत पाय बधिर असतात, चटका बसला तरी बाळंतिणीला पत्ता लागत नाही. थेट फोडच दिसतात.

आणि पाय मुळात गार नसतातच! भुलेनं कमरेखालच्या रक्तवाहिन्या सैलावतात, अंगातली ऊब पायांकडे जाते. पाय कोमट, बाई आतून गार. त्यात ऑपरेशन थिएटरचा एसी, गार सलाईन. शरीर थरथरून ऊब करू बघतं, पण बधिर स्नायू थरथरू शकत नाहीत. सगळा भार जबडा, खांदे, हातांवर. बीपीचं मशीनसुद्धा धड आकडा देत नाही.

आधी अंगावर गरम हवेचं ब्लँकेट, सलाईन कोमट करून. तरी थांबेना तर ट्रॅमाडॉल किंवा पेथिडीन. पेथिडीन साधारण 25 मिलिग्रॅम शिरेतून. ट्रॅमाडॉलनं मळमळतं, म्हणून मी ते सावकाश देते. थरथरताना ऑक्सिजनही जास्त लागतो, गरज वाटली तर मास्क लावतो.

एका डोसानंतर पाजायला सहसा हरकत नसते. पण बाळ फार सुस्त वाटलं, ओढून पीत नसेल, श्वास वेगळा वाटला, तर लगेच सांगा.

निपाणीची ताई:
माझ्या जावेला तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप आला होता. तेही भुलेमुळंच?

भूलवाली बाई:
नाही हो. तिसऱ्या दिवशीचा ताप म्हणजे टाका, गर्भाशय, लघवी, स्तन, सगळं तपासायला हवं. रक्त चढवताना थंडी वाजली तर रक्त बंद करायला सिस्टरला तिथल्या तिथं हाक मारा.

खानापूरकर:
आत्तींना वाचून दाखवलं. पिशवीचं पटलं, वाऱ्याचं नाही. म्हणतात, "डाक्टरीणबाईंना विचार, डिंकाचे लाडू कधीपासून देऊ?"