मदत हवी आहे : लॉजवर जमलेल्या आधारच्या झेरॉक्सचं काय करायचं?

सोलापुरात एसटी स्टँडजवळ आमचं छोटं लॉज आहे. गिऱ्हाईक बहुतेक अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूरचं, एका रात्रीपुरतं. परदेशी पाहुणे येत नाहीत, म्हणजे परदेशी पाहुण्यांची माहिती सरकारला कळवायच्या सी-फॉर्मचा प्रश्न नाही.

अडचण ओळखपत्रांची. काउंटरवरची पोरं आधारचा फोटो स्वतःच्या मोबाईलवर घ्यायची. पोरगं काम सोडून गेलं की फोटोही त्याच्याबरोबर. झेरॉक्सचे गठ्ठे जिन्याखालच्या कपाटात. कपाटाला कुलूप आहे, पण किल्ली शेजारच्याच खिळ्याला!

आता लॉजचा वेगळा मोबाईल घेतलाय, कॉम्प्युटरला प्रत्येकाचा वेगळा पासवर्ड, पाहुण्यांचं वायफायही वेगळं. शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार मागून पाहिलं. पण ते डाउनलोड करायला ओटीपी लागतो आणि म्हाताऱ्या माणसांचा नंबर असतो घरी मुलाकडे. पहिले आठ आकडे झाकून झेरॉक्स काढता येते, पण गड्डा यात्रेच्या गर्दीत कोण झाकत बसणार?

२०२३ चा डेटा संरक्षण कायदा म्हणतो, काम संपलं की माहिती पुसा, दुसऱ्या कायद्याने ठेवणं भाग नसेल तर. आमचे सीए म्हणतात, सगळं जपा. महागडं सॉफ्टवेअर परवडणारं नाही, कृपया ते सुचवू नका.

इथल्या लॉजवाल्यांनी अनुभवावरून सांगावं: रजिस्टरमध्ये नाव, पत्ता, सही, ओळखपत्राचा प्रकार आणि शेवटचे चार आकडे लिहिले, झेरॉक्स ठेवलीच नाही, तर पोलीस तपासणीत चालतं का? आणि जुने गठ्ठे किती वर्षांनी फाडता, त्याआधी पोलीस ठाण्याला लेखी कळवता का?