मदत हवी आहे: शेजाऱ्याने आण घातलीय, पण घरच्यांना सांगावं का?

यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, सात एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. तीन वर्षांपूर्वी मला नैराश्याचा आजार झाला होता. आमच्याकडे त्याला 'टेन्शन' म्हणतात. वर्षभर गोळ्या घेतल्या, गावापासून लपवलं नाही.

म्हणून आता लोक माझ्याकडे येतात. पारावर कोणी बोलत नाही. धुऱ्यावर गाठतात, मोटर बघायला आल्याचं सोंग करून. आतापर्यंत चौघं. मी उपदेश करत नाही. "तुले झोप येते का?" इथून सुरुवात करतो. वावरात जाणंच सोडलेल्याला म्हणतो, उद्या माझ्यासंग नुसती चक्कर मार, काम नको करू. नंतर वाचलं, गोव्यात 'संगाथ' संस्थेने शिकवून तयार केलेली साधी माणसं सहा ते आठ बैठकांत साधारण हेच करतात. आपल्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांत 'विश्राम' प्रकल्प झाला. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांमुळे तिथे नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ वर गेलं. त्यामुळे डॉक्टर नसलेल्याने हे करावं का, हा माझा प्रश्न नाही.

प्रश्न चौथ्याचा, म्हणजे माझ्या शेजाऱ्याचा आहे. आधी तो म्हणाला, तुह्या गोळ्यांतल्या दोन दे. नाही दिल्या. चार दिवसांनी युरियाच्या रिकाम्या पोत्यात फवारणीच्या औषधाच्या बाटल्या घेऊन आला. "हे तुह्याच घरी राहू दे, बावा." मी त्या कापसाच्या खोलीत कुलपात ठेवल्या आणि सरळ विचारलं, जीव द्यायचं मनात येते का? बराच वेळ पोत्याची सुतळी गुंडाळत बसला. मग म्हणाला, "येते कधी कधी." त्याच रात्री त्याला शेजारी बसवून १४४१६ लावला, टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा. अर्धा तास मराठीत बोलला.

पण डॉक्टरकडे यायला तयार नाही, तालुक्याला कोणी बघेल म्हणतो. शेतकऱ्यांच्या समुपदेशनाच्या सरकारी 'प्रेरणा' प्रकल्पाची माहिती आशाताईंकडे आहे, पण त्या त्याच्या चुलत वहिनी लागतात! आणि बायकोला सांगायचं नाही, अशी आण घातलीय. मला वाटतं, सांगायलाच हवं. पण सांगितलं आणि तो माझ्याकडे यायचाच थांबला, तर?

ज्यांनी गावात असं काम केलंय, त्यांनी त्याला न दुखावता घरच्यांना कसं सामील करून घेतलं? त्याच्या समोरच बोलावं का? आणखी एक. त्याचा फोन वाजला की माझीच झोप उडतेय, जुनी लक्षणं परततील अशी भीती वाटते. हे चौघांचं ओझं दोघा-तिघांत वाटायचं कसं?

कर्जमाफी आणि कापसाच्या भावावर इथे नको, त्याचे धागे आहेत.

उद्या सकाळी तो चहाला येणार आहे. आज रात्री कोणी जागं असेल तर लिहा.