सोलापूरच्या डॉक्टरांना सोलापूरचेच आकडे शिकवा

भुईकोट: कुठला जंतू कुठल्या अँटिबायोटिकला दाद देत नाही, हे गावागणिक बदलतं. मोठ्या रुग्णालयाची लॅब वर्षभराच्या कल्चर रिपोर्टांवरून (कल्चर म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून त्यांच्यावर कुठलं औषध चालतं ते बघणं) त्याचा तक्ता काढू शकते, त्याला अँटिबायोग्राम म्हणतात. पण गल्लीतल्या दवाखान्यापर्यंत तो येतो कुठं? मेडिकल कौन्सिलकडच्या नोंदणीच्या नूतनीकरणाला डॉक्टरला ५ वर्षांत ३० गुण लागतात. डॉक्टर ते जेवणासकट व्याख्यानांतून गोळा करतात. त्यातले थोडे गुण या तक्त्याच्या प्रशिक्षणालाच बांधून टाका, असं माझं स्पष्ट मत आहे.

पूर्वभागकर: माझा दवाखाना पूर्व भागात आहे. विडी वळणारी बाई लघवीला जळजळ म्हणून येते. कल्चर सांगितलं तर दोन-तीन दिवसांच्या विड्यांचे पैसे त्यातच जाणार आणि रिपोर्टही तेवढ्याच दिवसांनी मिळणार. तोवर थांबा म्हटलं तर ती शेजारच्या दवाखान्यात जाते. बरं, तुमच्या तक्त्यात पेशंट कुणाचे? सिव्हिलला पोचतो तो आधीच दोन डॉक्टर अन् तीन मेडिकल फिरून आलेला असतो. साध्या औषधाला दाद देणाऱ्या जंतूंचे पेशंट घरीच बरे झालेले असतात, ते मोजणीत येतच नाहीत. असल्या आकड्यांवर शिकवाल तर मी घाबरून पहिल्याच दिवशी भारी इंजेक्शन लिहीन. म्हणजे रोगापेक्षा औषध जालीम!

पेट्रीडिश: @पूर्वभागकर, नेमका मुद्दा. म्हणूनच आयसीयू आणि ओपीडीचे तक्ते वेगळे काढायचे असतात. एका पेशंटचा वर्षातला पहिलाच नमुना धरायचा, आणि एखाद्या जंतूचे ३० तरी नमुने नसतील तर टक्केवारी सांगायची नाही. पण निष्कर्ष पटला नाही. लघवीतल्या ई. कोलाय या जंतूवर सिप्रो, नॉरफ्लॉक्स ही अँटिबायोटिक्स आपल्याकडे बहुतेक ठिकाणी फुकट गेलीत. नायट्रोफ्युरंटॉइन मात्र अजून चांगलं लागू पडतं, आणि ती जुनी, स्वस्त गोळी आहे. टायफॉइडला सिप्रो नको हे कळलंय, पण एकेकाळी बाद ठरवलेल्या क्लोरॅम्फेनिकॉलला जंतू पुन्हा दाद देऊ लागलेत, हे किती जणांना ठाऊक आहे? तक्ता दर वेळी भारी औषधाकडेच नेतो, असं कुणी सांगितलं?

मेडिकलवाला_होटगी_रोड: आमचंही ऐका की ओ. २०१४ पासून शेड्यूल एच-१ची (कडक नियमांच्या सरकारी यादीतली) औषधं रजिस्टरला नोंदवून द्यायची. तरी गिऱ्हाईक गोळ्यांचं रिकामं पाकीट दाखवून "ह्याच्यातल्या तीन द्या" म्हणतं. नाही म्हटलं की पुढच्या दुकानात. एकट्या डॉक्टरला शिकवून काय उपयोग?

भुईकोट: म्हणून डॉक्टरला शिकवायचंच नाही? सर्दीला अझिथ्रोसारखं अँटिबायोटिक लिहिणारा हात डॉक्टरचाच असतो.

पूर्वभागकर: सर्दीसाठी तक्ता कशाला लागतो? ती व्हायरल असते, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं. तिथं ज्ञान कमी पडत नाही, पेशंट तुटायची भीती असते. @पेट्रीडिश, नायट्रोफ्युरंटॉइनचं मान्य. मला एक पान द्या: लघवी, टायफॉइड, जखमेचा पू. आकडे ओपीडीचेच हवेत. त्यासाठी आमच्या दवाखान्यांतून औषध सुरू करण्याआधीचे नमुने फुकट तपासा.

पेट्रीडिश: नमुने द्याल? रिपोर्ट फोनवर पाठवता येईल. पैशाचं महापालिकेला नाहीतर आयएमएच्या, म्हणजे डॉक्टरांच्या संघटनेच्या, शाखेला विचारावं लागेल.

पूर्वभागकर: नमुने देतो. व्याख्यानाला मात्र येणार नाही, संध्याकाळी सहा ते दहा ओपीडी असते.