मदत हवी आहे: कार्बन टिशूसाठी आधार म्हणून काय वापरावे?

पऱ्हाटी
आर्वी तालुक्यातील आमच्या गावी मी कार्बन छपाईचा (काजळी-जिलेटीनच्या थरातून छायाचित्र उमटवण्याची जुनी पद्धत) टिशू, म्हणजे आधारावर ओतलेला तो थर, घरीच तयार करतो. फ्लेक्सच्या दुकानातून आणलेल्या पारदर्शक पॉलिएस्टर फिल्मवर काजळी मिसळलेले जिलेटीन ओततो. ते जमते छान, परंतु दुसऱ्या दिवशी कोपऱ्यांपासून पापडासारखे वळते आणि फिल्म सोडून देते. तीन ताव वाया गेले. आजोबांच्या वर्षश्राद्धापूर्वी त्यांच्या छायाचित्राची प्रत काढायची आहे, तेव्हा कोणता आधार घ्यावा एवढेच कृपया लवकर सांगावे.

गाळणी
साखर किती घातली? ग्लिसरीन आहे काय? कुठे आणि कसे वाळवता? हे कळल्याशिवाय फिल्मला दोष देता येणार नाही.

जुनी_डार्करूम
प्लास्टिकच्या मागे लागूच नये. जोसेफ स्वान यांनी 1864 मध्ये पेटंट घेतलेला टिशू कागदावरचाच होता. मी जाड कार्ट्रिज कागद (चित्रकलेचा कागद) वापरतो. जिलेटीन त्याच्या तंतूंना घट्ट धरते आणि सुटण्याचा प्रश्नच येत नाही.

वर्धाकाठ
भाऊ, वाळताना सुटणार नाही हे मान्य. पण भिजल्यावर कागद फुगतो, आणि टिशूचा कागद व ज्यावर चित्र उतरवायचे तो कागद सारखे फुगत नसल्यामुळे मोठ्या प्रतीच्या कडा चुरगळतात. मुदत संपलेली लिथ फिल्म (छापखान्यात वापरायची फोटोफिल्म) डेव्हलप न करता हायपोत (फोटो पक्का करण्याच्या रसायनात) स्वच्छ करून घ्यावी. तिच्यावर राहिलेला जिलेटीनचा पातळ, कडक थर नव्या थराला धरून ठेवतो आणि गरम पाण्यात विरघळतही नाही.

निळी_शाई
विचारलेले नाही, तरी सांगतो: डायक्रोमेट (टिशूला प्रकाशसंवेदी करणारे रसायन) हाताळताना हातमोजे घाला आणि ते पाणी विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतू नका. ते कर्करोगकारक आहे.

पऱ्हाटी
एक लिटर पाण्याला 100 ग्रॅम जिलेटीन आणि 20 ग्रॅम साखर घेतो. ग्लिसरीन घालत नाही. दिवसा उकाड्यामुळे जिलेटीन जमतच नाही, म्हणून पहाटे ओततो आणि नंतर माडीवर पंख्याखाली ठेवतो.

गाळणी
इथेच गाठ आहे. मे महिन्यात आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की पंख्याखाली जिलेटीनमधला ओलावा पार उडून जातो. ते आकसते, आणि गुळगुळीत फिल्मवर त्याची पकड उरत नाही. साखर 50 ग्रॅम करा, ग्लिसरीन 10 मिलिलिटर घाला आणि पंखा बंद ठेवा. ताव कूलरच्या खोलीत, पण झोतापासून दूर वाळू द्या. हातची फिल्मच वापरायची असेल, तर आधी बारीक वॉटर पेपरने घासून तिची चमक घालवा.

जुनी_डार्करूम
कागदावर एवढा खटाटोप करावा लागला नसता.

वर्धाकाठ
आजोबांचा चेहरा लांबट झालेला चालणार असेल, तर कागद अवश्य घ्यावा.

पऱ्हाटी
उद्या पहाटे एकाच भांड्यातील जिलेटीन तीन तावांवर ओततो: घासलेली फिल्म, लिथ फिल्म आणि कार्ट्रिज कागद. परवा सकाळी तिन्हींचे कोपरे पाहून इथेच कळवीन.