ताकद अचानक आलेली नाही

नाओमी नोविकच्या 'अपरूटेड' (२०१५) या जादूच्या कादंबरीबद्दल "अर्धं पुस्तक ती नुसती धडपडते आणि मग एकदम शक्तिमान होते, पटलं नाही," असं तुम्ही म्हणालात. मला उलट वाटलं. नायिका अग्नियेश्का पहिल्यापासून तीच आहे, तिचं माप चुकीच्या पट्टीने घेतलं जातं इतकंच. भरजरी पोशाख आणणारा मंत्र घोकून तिचा जीव जातो, म्हणून ती तो अर्धवट पुटपुटते आणि अंगावर साधे कपडे येतात. तिला जादू शिकवणाऱ्या सार्कानचा नुसता तिळपापड! पण खरी खूण तीच आहे. पुढे यागा या जुन्या जादूगारणीची वही मिळते, जी त्याने कधीच निकामी ठरवलेली. हिला मात्र ती लगेच वळते. रानात फळं शोधताना पाय नेतील तिकडे जावं, तशी हिची जादू. त्याला आखलेला रस्ता लागतो.

प्रेमप्रकरण मलाही ओढूनताणून वाटलं, तिथे तुमच्याशी सहमत. नेब्युला हे विज्ञानकथा-कल्पनारम्य साहित्याचं पारितोषिक मिळालं म्हणून सगळंच गोड मानायला नको.

पण अग्नियेश्काच्या मैत्रिणीबद्दल, काशाबद्दल कुणीच कसं बोललं नाही? सार्कान दर दहा वर्षांनी एक मुलगी निवडून नेतो; यंदा तो काशालाच नेणार हे लहानपणापासून सगळ्यांनी धरलं होतं, तिनेही मनाची तयारी केली होती, आणि ऐनवेळी त्याने नेलं तिच्या मैत्रिणीला, अग्नियेश्काला. तिच्या बाजूने ही गोष्ट वाचायला मला फार आवडेल.