मदत हवी आहे: ऑगस्टात नायट्रेट भरपूर, मग क्लोरोफिल इतकं कमी का?

नमस्कार मंडळी. मी बडोद्यात एम.एस्सी. करते. प्रबंध खंभातच्या आखातातल्या वनस्पतिप्लवकांवर (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती) आहे, ऋतूंप्रमाणे काय बदलतं ते. त्या किती आहेत हे त्यांच्यातल्या क्लोरोफिलवरून मोजते. नमुने जंबुसरच्या पुढे कावी-कंबोईचे; भरतीत स्तंभेश्वराचं देऊळ पाण्याखाली जातं ना, तिथलेच.

पुस्तकी हिशोब असा की पावसात नद्या शेतातली माती-खत घेऊन येतात, नायट्रेट, सिलिकेट वाढतं, म्हणजे डायटम (सिलिकेटपासून कवच बनवणारे वनस्पतिप्लवक) माजायला हवेत. माझं उलटंच. ऑगस्टात नायट्रेट सगळ्यात जास्त आणि क्लोरोफिल सगळ्यात कमी. डिसेंबरात बरोब्बर उलट. सर म्हणतात, नमुने खराब झाले असतील, टाकून दे. जीव होत नाही हो.

ऑगस्टातलं पाणी म्हणजे नुसता दूध घातलेला चहा. सेक्की डिस्क (पाणी किती नितळ ते पाहायची तबकडी) सोडली की लगेच गडप. डिसेंबरात अर्धा लिटर आरामात गाळलं, ऑगस्टात मात्र १०० मिलीलाच ग्लास फायबर फिल्टर तुंबला, वर चिखलाचा पापड. सूक्ष्मदर्शकाखालीही गाळच गाळ. एखादी कॉसिनोडिस्कस (गोल डायटम) दिसली तरी सण.

अर्क ९० टक्के अ‍ॅसिटोनमध्ये, रात्रभर अंधारात फ्रीजमध्ये. अर्क किती प्रकाश शोषतो त्याचं रीडिंग ६६४, ६४७, ६३० नॅनोमीटरला. एक कबुली: ऑगस्टात राखीच्या सुट्टीला गेले होते. प्रयोगशाळा बंद, त्यामुळे बाटल्या रात्रभर घरच्या फ्रीजमध्ये, नारळीभाताच्या पातेल्याशेजारी. गाळलं दुसऱ्या दिवशी.

तर हा उजेडाचा प्रश्न, की माझा घोळ?

प्रतिसाद:
उजेडाचं म्हणणं टिकेल. त्या आखातात भरती-ओहोटीचा फरक १० मीटरपर्यंत जातो, तळ सारखा ढवळतो. ऊन वीतभरही खाली उतरत नसेल तर नायट्रेट असून उपयोग काय? रात्रभर ठेवल्याने थोडं क्लोरोफिल गेलं असणारच, ते लपवू नका, प्रबंधात लिहा. पण ७५० नॅनोमीटरचं रीडिंग कुठाय? तिथे क्लोरोफिल नाही, गाळच दिसतो. अर्कात बारीक गाळ उरतो, ते वजा केल्याशिवाय आकडे धरू नका. आम्ल घालून पुन्हा रीडिंग घ्या, म्हणजे मेलेल्या पेशींचं फिओफायटिन (क्लोरोफिल मोडून उरतं ते) कळेल.

आणि राखी म्हणजे नारळी पौर्णिमा, ऐन उधाण, मोठी भरती, गाळही जास्त ढवळणार! डिसेंबरात कोणत्या तिथीला गेला होतात?

धागाकर्ती:
७५० घेतलंच नव्हतं. जोडीचे फिल्टर डीप फ्रीजमध्ये आहेत, त्यांचे अर्क सोमवारी लावते.

तिथीचं म्हणाल तर आत्ता कालनिर्णय काढून पाहिलं. नवमी. म्हणजे भांगाची, लहान भरती! मी ऋतू बदलला म्हणत होते, बरोबर भरतीही बदलली होती.

येत्या श्रावणात गोकुळाष्टमीला जाते, म्हणजे पावसाळा असून भरती भांगाचीच मिळेल. तेव्हाही सुट्टी असतेच. प्रयोगशाळा पुन्हा बंद असेल, म्हणून हातपंप आणि फिल्टर किनाऱ्यावरच नेते. हातपंपाने गढूळ पाणी गाळताना फिल्टर फाटतो का, कुणाचा अनुभव?