विषय: नोव्हेंबरची सहल: ओक अ‍ॅली की व्हिटनी?

प्रेषक: सहल समिती

सप्रेम नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरच्या लाँग वीकेंडला न्यू ऑर्लिन्सला यायला बहुतेकांचा होकार आला आहे. रविवारी ह्यूस्टनला परतताना वाटेत एखादं जुनं प्लँटेशन हाऊस, म्हणजे मळेवाल्याचा वाडा, पाहावं असं समितीत घाटतंय. ओक अ‍ॅलीचं नाव सगळ्यात पुढे आहे. ओकच्या कमानीखाली पैठणी-नऊवारीत ग्रुप फोटो काढायची बऱ्याच जणींची इच्छा आहे आणि जेवणाची सोयही आवारातच आहे. कोणाची वेगळी सूचना असेल तर शुक्रवारपर्यंत कळवा.

---

प्रेषक: सु. कु. (शुगरलँड)

समिती मंडळी,

माझी सूचना आहे. जरा लांबलचक आहे, पण बस ठरायच्या आत वाचा. ओक अ‍ॅलीला जरूर जा, फक्त त्याआधी व्हिटनी हा दुसरा जुना मळा बघा. दोन्ही जागा मिसिसिपीच्या पश्चिम काठच्या रिव्हर रोडवर, एकमेकींच्या जवळ आहेत. वेळ एकाच ठिकाणापुरता असेल तर माझं मत व्हिटनीला.

ओक अ‍ॅलीचं घर १८३७ ते १८३९ मध्ये झाक रोमां या उसाच्या मळेवाल्यासाठी बांधलं, आणि ते बांधलं गुलामांनी. समोरचे २८ ओक घराहून जुने आहेत. दुरवस्था झालेलं हे घर स्टुअर्ट दांपत्याने १९२५ पासून पुन्हा उभं केलं, म्हणून आज आपल्याला दिसतं. तिथे आंत्वान नावाचा एक माळी होता. १८४६-४७ च्या हिवाळ्यात त्याने पेकान या अक्रोडासारख्या फळाच्या झाडाची कलमं बांधली. त्या कलमांपासून झालेल्या पेकानला १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात बक्षीस मिळालं आणि ‘सेंटेनियल’ हे नाव पडलं. नाव देऊन लावलेली पेकानची ही पहिली जात. मालक १८४८ साली वारल्यावर मालमत्तेची यादी झाली, त्यात हा आंत्वान १,००० डॉलर किंमत लावून नोंदलेला आहे. गुलामांच्या केबिन तिथे आता नव्याने उभारल्या आहेत. पण येणारा माणूस आधी झाडं बघतो, मग घर, आणि वेळ उरलाच तर केबिन. माझा सगळा आग्रह या क्रमाबद्दल आहे.

व्हिटनीत क्रम उलटा आहे. हा मळा १७५२ साली हायडेल या जर्मन कुटुंबाने सुरू केला, आधी निळीसाठी आणि पुढे उसासाठी. जॉन कमिंग्ज या न्यू ऑर्लिन्सच्या वकिलाने तो १९९९ मध्ये विकत घेतला. पदरचे पैसे घालून, इब्राहिमा सेक या सेनेगलच्या इतिहासकाराला बरोबर घेऊन, डिसेंबर २०१४ मध्ये लोकांसाठी खुला केला. सगळी मांडणी गुलाम म्हणून राबवलेल्या माणसांच्या बाजूने आहे. ग्रॅनाइटच्या भिंतींवर नावं कोरली आहेत. एका भागात व्हिटनीवरच्या साडेतीनशेच्या वर माणसांची, दुसऱ्या भागात लुईझियानातल्या १,०७,००० जणांची. ग्वेंडोलिन मिड्लो हॉल या इतिहासकार बाईंनी जुन्या कचेऱ्यांमधले कागद वर्षानुवर्षं चाळून ती गोळा केली. पुष्कळांच्या नावापुढे आडनाव नाही. त्या नावांच्या मधोमध गुलामी भोगलेल्या माणसांचे स्वतःचे शब्दही कोरले आहेत. १९३० च्या दशकात सरकारी प्रकल्पातून म्हाताऱ्या झालेल्या त्या लोकांच्या मुलाखती घेतल्या होत्या, त्यातले. ते घाईने वाचू नका.

मी मूळची करवीर तालुक्यातली, आमच्या शेजारीच गुऱ्हाळ होतं. व्हिटनीच्या आवारात लोखंडी काहिली दिसल्या तेव्हा त्या कशाच्या हे मला कोणी सांगावं लागलं नाही. रस एकाच चुलवणावर ओळीने बसवलेल्या, लहान होत गेलेल्या काहिलींमधून पळ्यांनी पुढे पुढे न्यायचा. मळी काढायची, पाक आला की उतरवायचा. उकळता रस अंगावर उडाला की कातडी सोलून निघते. आपल्याकडे गळीत हंगाम चार-पाच महिने चालतो. लुईझियानात मात्र कडाक्याची थंडी पडली की उभा ऊस नासतो, म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबर एवढ्यात सगळी तोडणी आणि गाळप उरकायचं. त्यासाठी घाणे रात्रंदिवस चालवायचे आणि माणसांना झोप घेऊ द्यायची नाही. साखरेच्या या पट्ट्यात गुलामांमध्ये जन्मांपेक्षा मृत्यू जास्त होते. मारी अझेली हायडेल या विधवा मालकिणीच्या अमलात इथे एका हंगामात ४,०७,००० पौंड साखर निघाली आहे. दुसऱ्या मळ्यांवर याच काहिलींची कमळाची कुंडं केलेली दिसतात. तसं मला बघवत नाही.

मालकाचं घर सगळ्यात शेवटी येतं. १७९० च्या सुमाराचं, खाली विटांचं, वर लाकडी, लांबच्या लांब व्हरांडा, रंगवलेलं छत. घर सुंदर आहे, हे म्हणायला मला संकोच नाही. पण केबिनमधून आल्यावर तेच घर बघताना त्याची किंमत कोणी चुकती केली ते डोक्यातून जात नाही. तसंच ते बघावं.

---

प्रेषक: अ. दे. (केटी)

काकू, मेल वाचली. दोन प्रश्न आहेत. माझी मुलगी सात वर्षांची, मुलगा अकराचा. त्यांना हे झेपेल का? शिवाय आईबाबा भारतातून आलेले आहेत, चालणं किती आहे? आणि मनापासून विचारतो, रागावू नका. मुलांना वर्षातून एक सहल मिळते. तीही एवढी जड करायची का?

---

प्रेषक: सु. कु. (शुगरलँड)

रागावत नाही रे. विचारलंस ते बरं केलंस.

मुलांसाठी ती जागा उलट सोपी आहे, कारण तिथली सोबत मुलांचीच आहे. आवारात अँटिऑक बॅप्टिस्ट चर्चची जुनी लाकडी इमारत आणून बसवली आहे. आत बाकांवर आणि दारापाशी वुड्रो नॅश यांनी घडवलेले मुलामुलींचे पुतळे आहेत, खऱ्या मुलांच्या उंचीचे. १९३० च्या दशकात मुलाखती दिलेले म्हातारे गुलामी संपली तेव्हा जेमतेम अशाच वयाचे होते, म्हणून पुतळे मुलांचे. अकरा वर्षांचा मुलगा हे समजून घेऊ शकतो. सातच्या मुलीला तू तुझ्या शब्दांत सांग.

दोन ठिकाणं मात्र आधी माहीत असू दे. एकात १८२३ ते १८६३ या काळात व्हिटनी ज्या पॅरिशमध्ये, म्हणजे जिल्ह्यात, येतं तिथे दगावलेल्या गुलामांच्या सुमारे २,२०० लेकरांची नावं आहेत. मध्ये तान्ह्या बाळाला उचलून धरलेली पंखांची आकृती आहे. आईबाप म्हणून तुम्हाला तिथे जड जाईल. दुसरं १८११ च्या उठावाचं स्मारक. चार्ल्स डेलाँडच्या पुढाकाराने शेकडो गुलाम न्यू ऑर्लिन्सच्या दिशेने चालून गेले होते. उठाव मोडल्यावर त्यांच्यातल्या अनेकांची मुंडकी कापून नदीकाठी खांबांवर लावली. तेच तिथे दाखवलंय. मुलीला तिकडे नेऊ नकोस.

चालणं उघड्यावर आणि सपाट आहे, पण पावसानंतर चिखल होतो. आईबाबा चर्चमध्ये निवांत बसू शकतील.

जड का करायचं म्हणतोस, तर मी राहते त्या शुगरलँडचंच सांगते. २०१८ साली इथे शाळेची इमारत बांधताना जमिनीखाली ९५ माणसांचे सांगाडे सापडले. गुलामी कायद्याने संपल्यावर तुरुंगातली कृष्णवर्णीय माणसं उसाच्या मळ्यांना भाड्याने दिली जायची, त्यांतले ते कैदी. साखरेच्या कारखान्यावरून गावाला नाव मिळालं, आणि आपण कित्येक मराठी कुटुंबं तिथे घरं घेऊन, गणपती बसवून राहतोय. आपल्या मुलांचं हेच गाव आहे. गावाखाली काय आहे ते त्यांना घरच्यांकडून कळावं, असं मला फार वाटतं.

---

प्रेषक: म. जो. (न्यू ऑर्लिन्स)

काकूंच्या म्हणण्याला माझं पूर्ण अनुमोदन. मी केमिकल इंजिनिअर, म्हणून एवढीच भर घालतो. त्या उकळत्या काहिलींची रांग ज्याने मोडीत काढली तो नॉर्बर रिलियू न्यू ऑर्लिन्सचाच. वडील गोरे मळेवाले, आई स्वतंत्र कृष्णवर्णीय. पॅरिसला शिकून आला आणि १८४३ साली मल्टिपल इफेक्ट इव्हॅपोरेटरचं पेटंट घेतलं. निर्वात भांड्यात रस कमी तापमानाला उकळतो आणि एका भांड्यातली वाफ पुढच्या भांड्याला तापवते. आज कोल्हापूर-सांगलीच्या साखर कारखान्यांत रस आटवतात तो याच तत्त्वावर. बसमध्ये मुलांना हे समजावून सांगायचं काम माझ्याकडे द्या.

आणखी एक. रिव्हर रोडवर तुम्हाला नदी दिसणार नाही, मातीचा उंच बांध आडवा येतो. दिसतील ते कारखाने. व्हिटनीची जमीनही कमिंग्जच्या आधी फोर्मोसा प्लास्टिक्स या कंपनीकडे होती. तिथे रेयॉनचा कारखाना व्हायचा होता, लोकांच्या विरोधामुळे बारगळला. नोव्हेंबरमध्ये रस्त्याच्या कडेला ऊसतोडणी चालू असेल, आता यंत्रांनी. मुलांना खिडकीशी बसवा.

---

प्रेषक: सहल समिती

सर्वांचे आभार. ठरलं ते असं. रविवारी सकाळी साडेसातला हॉटेलवरून निघून आधी व्हिटनी. मग ओक अ‍ॅलीला जेवण, तिथल्या केबिन आणि शेवटी झाडं. ज्यांना साडी नेसायची आहे त्यांनी ती जेवणानंतर नेसावी, व्हिटनीला साध्या कपड्यांत आणि बंद बुटांत यावं. सु. कु. काकू शनिवारी रात्री जेवणानंतर अर्धा तास मोठ्या मुलांशी बोलतील. दहा वर्षांच्या आतल्या मुलांच्या पालकांनी, कोणत्या भागात मूल न्यायचं नाही ते आपसांत ठरवून एक मोठं माणूस मुलांजवळ ठेवावं. तिकिटं ग्रुपची काढायची असल्याने नावं, मुलांची वयं आणि ज्येष्ठांची संख्या येत्या बुधवारपर्यंत पाठवा. टोपी, पाण्याची बाटली आणि डासांचं मलम ज्याचं त्याने आणावं.